दहा चाळीसला प्रवेश, दहा एकेचाळीसला पदवी

तीर्थरूप मामा यांस,

भाचीचा वाकून नमस्कार (खरोखर वाकूनच लिहिते आहे, या खोलीतलं टेबल गुडघ्याएवढं आहे आणि खुर्ची टेबलापेक्षा उंच). तुमचा गुडघा कसा आहे? मामींनी आणलेलं तेल गुडघ्याला लावता की अजून दाराच्या बिजागरीलाच घालता? मामींची तब्येत, त्यांच्या कुंड्या, कुंड्यांवरून शेजाऱ्यांशी चाललेलं भांडण, सगळं व्यवस्थित चालू असेल अशी आशा करते. मी इथे मजेत आहे. जेवण बरं आहे, झोप लागते, वजन कमी झालेलं नाही. आईला विचारलंत तर तीही हेच सांगेल, कारण तिला मी एवढंच सांगितलं आहे.

फोन करायचं सोडून पत्र कसलं लिहिते, असं तुम्हाला वाटेल. पण मामा, फोन आला की तुम्ही स्पीकर लावता, आणि मग मामी, शेजारच्या काकू आणि पाण्याचा मीटर बघायला आलेला माणूस असे तिघं मिळून माझ्याशी बोलतात. मला जे सांगायचं आहे ते तुम्हाला एकट्याला सांगायचं आहे. शिवाय ते लांबलचक आहे, तेव्हा चष्मा घ्या आणि बसा.

तर कळवायला आनंद होतो, आणि थोडी लाजही वाटते, की मी इंजिनिअर झाले. चार वर्षं लागतील असं आपण सगळे धरून चाललो होतो. मला एक मिनिट लागलं. त्याचं असं झालं, प्रवेशाचा फॉर्म संगणकावर भरायचा होता आणि वर लाल अक्षरांत सूचना होती की एकही रकाना रिकामा सोडू नये. अशी सूचना वाचली की माझं काय होतं ते तुम्ही जाणताच (दातांच्या डॉक्टरकडच्या फॉर्मात ‘इतर आजार’ या रकान्यात मी ‘कधीकधी उचकी’ असं लिहिलं होतं). शेवटून दुसरा रकाना होता, अभ्यासक्रम पूर्ण केल्याची तारीख. मी चार वर्षांनंतरची तारीख घातली. संगणक म्हणाला, भविष्यातली तारीख चालणार नाही. रिकामा ठेवला तर म्हणाला, रकाना रिकामा आहे. कालची तारीख घातली तर म्हणाला, प्रवेशाच्या आधी अभ्यासक्रम पूर्ण होऊ शकत नाही (एवढी अक्कल त्याला होती, हे कबूल केलं पाहिजे). उरली फक्त आजची. ती घातली, हिरवी खूण उमटली आणि ‘अभिनंदन’ असं आलं. मला वाटलं, प्रवेशाबद्दल म्हणत असेल. म्हणजे नोंदीप्रमाणे सकाळी दहा चाळीसला मी या विद्यापीठात आले आणि दहा एकेचाळीसला पदवी घेऊन बाहेर पडले. बाकीच्या मुलांनी काय केलं, असं विचाराल. त्या रकान्याच्या शेजारी ‘लागू नाही’ असा एक बारीक चौकोन होता, त्यावर त्यांनी खूण केली. मला तो चौकोन म्हणजे पडद्यावरचा डाग वाटला आणि मी तो रुमालाने पुसत बसले होते.

दुसऱ्या दिवशी हजेरीत माझं नाव नव्हतं, म्हणून मी मदत कक्षात गेले. नव्या विद्यार्थ्यांसाठी तळमजल्यावर खास कक्ष आहे, काचेचा दरवाजा, आत गार हवा, आणि समोर एक बाई, ज्यांच्या छातीवर ‘काहीही विचारा’ असा बिल्ला आहे. मामा, बाई इतक्या प्रेमळ की मी काही विचारायच्या आतच त्यांनी मला एक कापडी पिशवी दिली. पिशवीत नकाशा, पेन, पाण्याची बाटली आणि ‘घाबरू नका’ नावाची पुस्तिका. मग त्यांनी माझा नंबर संगणकात घातला, त्यांचा चेहरा उतरला आणि त्यांनी पिशवी हळूच परत घेतली. पिशवी नव्या विद्यार्थ्यांसाठी होती आणि मी माजी विद्यार्थिनी होते. (पेन राहू दिलं, कारण तोवर मी त्याचं टोपण चावलं होतं.) त्यांना फार वाईट वाटलं. पण त्यांच्या संगणकावर माजी विद्यार्थ्यांचं पानच उघडत नाही, त्यामुळे माझी चूक त्यांना दिसतसुद्धा नव्हती, दुरुस्त करणं तर दूरच. त्यांनी मला चौथ्या मजल्यावर पाठवलं. लिफ्ट बंद होती. तिच्यावर ‘दुरुस्तीचे काम विद्यार्थी करीत आहेत’ अशी पाटी होती, आणि पाटीवर बोटभर धूळ होती.

चौथ्या मजल्यावरच्या माजी विद्यार्थी कक्षात एक गृहस्थ असतात. त्यांच्याकडे कुणी येत नाही. अकरा महिन्यांत मी पहिलीच, त्यामुळे मला पाहून ते उभेच राहिले. सोफ्यावर बसवलं, चहा दिला, बिस्किटांचा डबा माझ्याकडे सरकवला आणि सध्या कुठे नोकरीला आहात असं विचारलं. मी म्हटलं, अजून कुठे नाही. त्यांनी सुस्कारा सोडला आणि आणखी दोन बिस्किटं दिली. मग मी सगळी हकीकत सांगितली. त्यांना ती शंभर टक्के पटली, पण ते म्हणाले की तारीख खोडायची म्हणजे पदवी रद्द करायची, आणि पदवी रद्द करायला काहीतरी गंभीर कारण लागतं. मी परीक्षेत कॉपी केली होती का, असं त्यांनी मोठ्या आशेने विचारलं. मी म्हटलं, मी परीक्षेलाच बसले नाही. मग अवघड आहे, असं म्हणून त्यांनी डब्याचं झाकण लावलं.

खोटं कशाला बोलू, पहिले दोन दिवस मला हे माजीपण आवडलं. माजींना वाचनालयात खिडकीजवळची गादीची खुर्ची मिळते (पुस्तक मात्र घरी न्यायला मिळत नाही). माजींना वसतिगृहात नाही, पाहुण्यांच्या खोलीत राहता येतं, पण फक्त तीन दिवस. म्हणून दर तीन दिवसांनी मी चावी परत करते, व्हरांड्यात एक फेरी मारते आणि पुन्हा पाहुणी म्हणून येते. कार्यशाळेच्या मास्तरांनी तर माझं माजी विद्यार्थिनीचं कार्ड पाहून मला थेट लेथ मशिनकडे नेलं आणि आतून कसला आवाज येतो ते जरा बघा म्हणाले. मी कान लावला, मान हलवली आणि दोन दिवस वाट पाहू या असं सांगितलं. मास्तर खूश झाले. पण त्याच वेळी माझ्या वर्गातली बाकीची मुलं पलीकडे रांगेत उभी राहून कानस धरायला शिकत होती, आणि मला ती कुणी हातात देईना. तिथे मला पहिल्यांदा रडू आलं.

कारण मामा, पुढच्या आठवड्यात शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता पहिल्या वर्षाची यादी बंद होते. तीत ज्याचं नाव नाही त्याची जागा गेली. प्रतीक्षायादीतली पहिली मुलगी बॅग भरून तयार आहे. ती रोज मदत कक्षात येऊन माझी चौकशी करते, आणि मी दिसले की तिचं तोंड पडतं. मुलगी चांगली आहे, परवा तिने मला लिमलेटची गोळीही दिली. पण जागा एकच आहे.

मधल्या काळात आणखी एक प्रकार झाला. नव्या विद्यार्थ्यांच्या स्वागत समारंभात एका माजी विद्यार्थ्याचं भाषण असतं, आणि चौथ्या मजल्यावरच्या गृहस्थांना हाताशी असलेली माजी मी एकटीच. त्यांनी मला मंचावर बसवलं, समोर फुलदाणी ठेवली आणि ‘आपल्या सर्वांत ताज्या इंजिनिअर’ अशी ओळख करून दिली. समोर तीनशे मुलं. एकाने विचारलं, अभ्यासक्रम फार लांब वाटतो का? मी म्हटलं, एका मिनिटात संपतो. टाळ्या पडल्या. दुसरीने विचारलं, सगळ्यांत कठीण काय गेलं? मी म्हटलं, चार मजले चढणं. त्यातही काहीतरी खोल अर्थ आहे असं समजून पुढच्या रांगेतल्यांनी ते वहीत उतरवून घेतलं. समारंभानंतर तर कहरच झाला. माझ्याच वर्गातली मुलं मला मॅडम म्हणत माझ्यामागे यायला लागली, आणि त्यांच्या ओळखपत्राच्या, बसच्या पासच्या, चुकलेल्या गटाच्या अडचणी मी सोडवायला लागले. मला सगळं येत होतं! कुठल्या खिडकीवर कुठला कागद लागतो, कुठले साहेब जेवायच्या आधी बरे असतात आणि कुठले जेवणानंतर, हे आठवडाभर हिंडून मला तोंडपाठ झालं होतं. बुधवारी मदत कक्षासमोर रांगच नव्हती. ती सगळी माझ्यासमोर, वाचनालयाच्या पायरीवर होती.

त्यामुळे मदत कक्षातल्या बाई बिल्ला काढून पर्समध्ये ठेवून स्वतः माझ्याकडे आल्या. मला वाटलं, आता भांडणार. पण त्या म्हणाल्या, तू सगळ्यांची कामं करतेस, तुझं काम कोण करणार? आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा कामाच्या वेळेत खुर्ची सोडून त्या माझ्याबरोबर कुलसचिवांकडे आल्या. मामा, त्या बाईंना मी जन्मभर विसरणार नाही. कुलसचिवांनी पाऊण तास नियमांचं जाडजूड पुस्तक चाळलं (मध्ये एकदा त्यांचा डोळा लागला, तेव्हा बाईंनी टेबलावरची घंटी वाजवली), आणि शेवटी नियम सापडला. माजी विद्यार्थ्याला पुन्हा पहिल्या वर्षात बसता येतं! फक्त एक छोटासा कागद लागतो. तेव्हा काळजीचं कारण नाही, सगळं होईल.

मामींना नमस्कार. गुडघ्याला जपा. बिजागरीला वेगळं तेल मिळतं.

तुमची आज्ञाधारक भाची
(सध्या माजी)

ता. क. – त्या छोट्याशा कागदाबद्दल लिहायचं राहिलं. त्याला ‘ज्ञानलोपाचा दाखला’ म्हणतात. पूर्वी शिकलेलं सगळं विसरून गेलेल्या जुन्या विद्यार्थ्यांसाठी तो नियम आहे. अर्जदाराला किमान दहा वर्षं ओळखणाऱ्या जबाबदार व्यक्तीने स्वतःच्या अक्षरात लिहून द्यायचं, की अर्जदाराला यंत्रांमधलं काहीही कळत नाही. खाली सही, आणि एक घडलेलं उदाहरण द्यायचं. फोटो काढून पाठवलेला चालत नाही. आई-वडिलांचा चालत नाही, ते पक्षपाती धरतात. मामांचा चालतो, मी विचारून घेतलं.

ता. क. २ – तुम्ही असा दाखला देणार नाही हे मला माहीत आहे. मी नऊ वर्षांची असताना गच्चीवरचा पाण्याचा पंप दुरुस्त केला, ही गोष्ट तुम्ही आल्यागेल्याला सांगता. मला इंजिनिअरिंगला घालायला बाबा तयार नव्हते, तेव्हाही तीच सांगून तुम्ही त्यांना गप्प केलंत. म्हणून हे तुम्हाला एकट्याला लिहिते आहे. मामा, पंप मी दुरुस्त केला नव्हता. वीज गेली होती, म्हणून तो बंद होता. मी तो उघडला, पुन्हा बंद केला, आणि तेवढ्यात वीज आली. तुम्ही मला खांद्यावर घेऊन गच्चीभर नाचलात, मग मला सांगवेना. त्यानंतर तो जो किंचाळतो आहे, ते माझं काम. तुमच्या शब्दावर मी इथपर्यंत आले, आणि इतकी वर्षं मला भीती वाटत होती की एक दिवस कुणीतरी विचारेल. आता मला खरंच शिकायचं आहे, अगदी कानस धरण्यापासून. रागावलात तरी चालेल, पण शुक्रवारच्या आत रागवा.

ता. क. ३ – तेव्हा पंपातून उरलेले दोन स्क्रू पुरावा म्हणून पाकिटात घातले आहेत. ते परत बसवायला गच्चीवर चढू नका, तुमचा गुडघा तसा नाही. शिवाय ते कुठे बसतात हे मला तेव्हाही माहीत नव्हतं आणि आजही नाही. दाखल्यात उदाहरण म्हणून तेवढंच लिहा.