परक्याचा डबा रिकामा कसा ठेवायचा?

देवपूर, धुळे

तीर्थस्वरूप नाना,

धाकट्या बहिणीचा, मंजुळाचा, वाकून नमस्कार. गुडघ्याला तेल लावता, की बाटली नुसती खिडकीत उभी असते? वहिनींची साखर आटोक्यात असेल असं धरून चालते (आंबे सुरू झाले की धरून चालणार नाही). फोनवर तुम्ही ‘हं, हं’ करता आणि टीव्ही बघता, म्हणून हे पत्र. नीट बसून वाचा.

जर्मनीला मी कशासाठी गेले होते ते तुम्हाला ठाऊक आहे. आपली दिपमाला लग्न होऊन तिकडे गेली, ती एकाही आखाजीच्या सणाला माहेरी आली नाही. दरवर्षी एकच, “आई, सुट्टी नाही.” आखाजीला लेक घरी नाही, तर झोका बांधायचा कोणासाठी? तेव्हा समोर बसवून जाब विचारायचा, असं ठरवूनच मी विमानात बसले. गेल्यावर कळलं, की बाईसाहेबांची सगळी सुट्टी डबे शोधण्यात जाते.

हसू नका. जगभरातली माणसं रानात, पुलाखाली, झाडाच्या ढोलीत छोटे डबे लपवतात आणि जागेचे आकडे इंटरनेटवर टाकतात. दुसरी माणसं मोबाइल घेऊन ते शोधत फिरतात. सापडला की आतल्या कागदावर आपलं नाव लिहायचं आणि डबा होता तिथंच ठेवून द्यायचा. मिळत काहीच नाही. मी अर्थशास्त्र घेऊन बी.ए. झाले, पण हा व्यवहार मला उलगडला नाही.

या लोकांचा मोठा आंतरराष्ट्रीय मेळावा भरला होता, तिथं ती मला घेऊन गेली. सारंगखेड्याच्या यात्रेसारखी गर्दी (घोडे तेवढे नव्हते). जपानचे, ब्राझीलचे, फिनलंडचे लोक. पांढऱ्या दाढीचे आजोबा दगडाखाली हात घालताहेत, आणि कोणी बघितलं की बुटाची नाडी बांधण्याचं सोंग करताहेत! “बठ्ठं जग येडं शे,” मी आपल्या अहिराणीत मोठ्यांदा म्हणाले (कोणाला कळत नाही, हा परदेशाचा मोठा फायदा).

रानाच्या कडेला एका झाडाच्या मुळाशी दिपमालाला डबा सापडला. आत नावांचा कागद आणि एक प्लॅस्टिकचा बेडूक. नाव लिहून, डबा माझ्या हातात देऊन ती पुढे झाली. नाना, तुम्हीच सांगा, शेजारणीची वाटीसुद्धा आपण रिकामी परत करत नाही. मी पिशवीतून वहिनींचे उडदाचे पापड (भाजून नेले होते) आणि केळीचे वेफर्स काढले, डबा गच्च भरला आणि होता तिथं ठेवला. मनाला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मेळाव्यात गोंधळ. डब्यात खायची वस्तू ठेवायची नाही, हा म्हणे यांचा साधा नियम (मला कोणी सांगितला होता?). रानडुकरांनी वासावर मूळ उकरून डबाच पळवला होता! संयोजक बाई चिंतेत. दिपमाला माझ्याकडे वळली.

“आई, खरं सांग. पापड ठेवलेस ना?”

“थोडे.”

“आई!”

“वेफर्सपण.”

“इथं तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस. आता आखाजीचं नावसुद्धा काढू नकोस!”

ज्या कामाला आले तेच बुडालं. मी पदर खोचला आणि डुकरांच्या खुरांमागे उतारानं निघाले. मागे दिपमाला, तिच्यामागे संयोजक बाई, त्यांच्यामागे अर्धा मेळावा. मक्याच्या शेतात पाय घसरला आणि मी चिखलात बसले, ती नेमकी डब्यावर. (लागलं. पण ओरडले ती आनंदानं.) झाकण चावलेलं, बेडूक शाबूत. काय टाळ्या पडल्या म्हणून सांगू! माझ्याकडून कागदावर नाव लिहून घेतलं. मी ठसठशीत मराठीत लिहिलं, ‘मंजुळाबाई, देवपूर, धुळे’. त्याचे फोटो काढायला रांग लागली. संयोजक बाईंनी हळूच विचारलं, “पापड उरलेत का?” तेव्हा दिपमाला हसत हसत माझ्याशेजारी चिखलातच बसली. म्हणाली, “आई, असोद्याला मामाच्या मळ्यात असा एखादा डबा असता, तर सुट्टी काढून आले असते गं.”

असा हा खुळा खेळ. शहाण्या माणसानं त्याच्या नादी लागू नये, एवढं सांगते आणि आवरतं घेते. वहिनींना नमस्कार, नातवंडांना पापे.

तुमची,
मंजुळा

ता. क. : लिहिण्याचं कारण राहूनच गेलं. घट्ट झाकणाचा एक डबा घ्या आणि आपल्या मळ्यात लपवा. केळीच्या घडात नको, घड कापला गेला तर डबा ट्रकमधून दिल्लीला जाईल. आमच्या शेजारचा तौफिक मोबाइल दुरुस्त करतो. जागेचे आकडे थेट त्याला कळवा, पुढची नोंद तो करेल. आखाजीच्या आत झालं पाहिजे.

आणखी एक ता. क. : जागा मला सांगू नका. मी खोदून खोदून विचारलं तरी सांगू नका. मी चार दिवस आधीच येते आहे; वहिनींना म्हणावं, कामाला मदत करायला येते आहे. दिपमालाचं विमान उतरायच्या आत तो डबा मला सापडलाच पाहिजे.