वाकड्या काठाची चटई

लाडके रोसाल्वा,

तुझी लेक यानिरा आली आणि पहिल्याच घोटाला कसाव्याच्या कंदाची आंबील थुंकली. "मावशी, मी शहरातली आहे!" तेही स्पॅनिशमध्ये. शहरात आपली भाषा लपवायची, हे तूच शिकवलंस ना तिला? मी भांडले नाही. ताडाचे धागे तिच्या मांडीवर टाकले आणि तिला बायकांत विणायला बसवलं.

काल व्यापाऱ्याची होडी चांबिरा नदीच्या काठाला लागली. पुरुष शिकारीला गेले होते, आणि आपल्या बायका व्यापाऱ्याशी स्पॅनिश बोलत नाहीत, तुला ठाऊकच आहे. तो हसला, "मुक्या आहात काय गं सगळ्या?"

यानिरा ताडकन उठली. वाटलं, आता ही फाडफाड स्पॅनिश बोलणार. पण तिनं आपल्या उरारिना भाषेत, अडखळत का होईना, त्याला सुनावलं, "आमच्या नदीवर येतोस, तर आमचं बोलणं शिकून ये!"

बायका पोट धरधरून हसल्या. त्याला शब्द कळले नाहीत, हसणं मात्र बरोबर कळलं. होडी वळवून निघून गेला.

हे पत्र धाडणार नाही, तुला टोमणा वाटेल. तिनं विणलेली चटई धाडतेय. काठ वाकडा आहे. तुझ्या पहिल्या चटईचाही असाच होता. मी अजून तिच्यावरच झोपते.

तुझी थोरली,
मेलिंडा