कुंकवाखालचा आकडा

अप्पा, तुम्ही गेल्याला पंचवीस वर्षं होऊन गेली, आणि आज मी तुम्हाला एका बोल्टाबद्दल लिहितोय. चेन्नईतल्या अंबत्तूरचा आपला कारखाना अजून आहे. समोर कम्प्युटरवाल्यांची काचेची इमारत उभी राहिली. दुपार कलली की तिची सावली आपल्या प्रेसवर येऊन बसते. निवृत्त झालो तरी फिटर म्हणून मला ठेवून घेतलंय. तुमच्याच बाकावर बसतो. शाळा संपवून तुमच्या हाताखाली आलो तो दिवस इथे रोज आठवतो. तुम्ही माझ्या तळहातावर बोल्ट ठेवता, म्हणता, "डोकं वाच." मी डोक्यावर कोरलेला आकडा वाचतो, आठ पॉइंट आठ. "वाचलंस, आता अर्थ सांग. पहिला आकडा, किती ओढला की तुटेल. दुसरा, त्या ताकदीच्या दहातल्या किती हिश्शांवर तो कायमचा ताणला जाईल. मग पूर्वीसारखा होत नाही. जाडी नि आटे जुळले म्हणजे बोल्ट जुळला नाही. कविता धडाधड म्हणतोस, आणि एवढं वाचता येत नाही होय रे?" सगळे हसतात. आयुधपूजेला तुम्ही यंत्रांना चंदन-कुंकू लावायचात, पण बोल्टांची डोकी सोडून. म्हणायचात, "त्यांचं कपाळ उघडंच बरं."

यंदा पूजा मी केली. प्रेसवर डाय, म्हणजे साचा, आवळून धरणाऱ्या चारही बोल्टांवर चंदन, वर कुंकवाचा ठिपका. आठवड्याने त्यातल्या एकाचे आटे झिजलेले दिसले. कुंकू वाळून घट्ट बसलेलं, आणि पूजेचं कुंकू खरवडायला हात धजेना. जाडी पाहिली, आटे पाहिले, पेटीतला दुसरा दिला. प्रेस चालवणाऱ्या ऑपरेटरने तो आवळला. तिसऱ्या दिवशी तुटला, डाय सरकली, ऑपरेटरची दोन बोटं गेली. मग मी कुंकू खरवडलं. जुन्यावर दहा पॉइंट नऊ. मी दिलेल्यावर चार पॉइंट सहा.

मॅनेजर म्हणाले, ऑपरेटरनेच बोल्ट जास्त आवळला. मी शेजारीच उभा होतो, गप्प. इस्पितळात तोच मला धीर देतो, "परवायिल्लै सार, असू द्या. डावाच हात आहे. भांडी घासण्यातून सुटलो!" त्याला अजून ठाऊक नाही की सोमवारच्या चौकशीत चूक त्याची ठरली, तर नोकरी जाईल.

सोमवारी बोलेन, असं इथे लिहिलं होतं; खोडलं. हे पत्र त्या दोन बोल्टांबरोबर तुमच्या हत्यारपेटीत ठेवतो. एवढंच कबूल करतो, अप्पा: ठिपके लावताना तुमचं ते उघड्या कपाळाचं वाक्य आठवलं होतं. मी विसरलो नव्हतो. ते चार लाल ठिपके फार छान दिसत होते.