भांडणापासून सुरू

अम्मी, सलाम.

मी ठीक आहे, फक्त घसा बसलाय. उगाच जिवाला घोर लावून घेऊ नकोस.

सध्या एका मालिकेला आवाज देतोय. इस्लामच्या सुरुवातीच्या काळातले मुसलमान आणि त्यांचे यहुदी शेजारी, अशी गोष्ट. आधी त्यांनी एकत्र राहायचा करार केला होता, मग बिनसलं, लढायाही झाल्या. दिग्दर्शकाने कराराचे भागच उडवले. म्हणाला, "ते कोण बघतं? भांडणापासून सुरू करू."

कपटी यहुद्याचा आवाज माझा. मुसलमानाच्या गर्जना करतो तो माझा जोडीदार, आणि तो स्वतः यहुदी! दिवसभर एकमेकांवर खेकसायचं आणि मग एकाच थर्मासमधलं गरम पाणी प्यायचं. मागे मला ताप आला तेव्हा उशाशी बसला होता, तो हाच.

काल आम्ही दोघांनी जाऊन दिग्दर्शकाला सांगितलं, कराराचे ते भाग ठेवा. उत्तर मिळालं, "दुसरे आवाज पुष्कळ मिळतात." परत येऊन माईकसमोर उभे राहिलो.

अब्बांचा गुडघा कसा आहे? जिना चढू देऊ नकोस त्यांना.

मालिका घरी लागेल तेव्हा शेजारणींना माझा आवाज ओळखून दाखवू नकोस, अम्मी.

थकलेला पण धडधाकट,
तुझा धाकटा