पिराजी आपणहून गेला

मुरगूड, ४ मे २०२४

ती. आत्यास, आदितीचा सा. न. व जयजिनेंद्र.

वन्यजीवशास्त्राच्या एम.एस्सी.ला माझा नंबर लागला. तात्या म्हणतात, घरात एक जंगलवेडी पुरे. तू त्यांची थोरली बहीण, तूच समजाव. गव्यांच्या कुरणांवरचं तुझं काम आम्हांला वर्गात शिकवतात. तीस वर्षं वनखात्यात काढलीस, मलाही तुझ्यासारखंच व्हायचंय. शिष्यवृत्तीसाठी शिफारसपत्र लागेल, ते लवकर पाठव. गुडघ्याला तेल लावतेस ना?

तुझी लाडकी (हे तूच म्हणतेस),
आदिती

कोल्हापूर, ११ मे

चि. आदितीस, अ. आ.

तात्याला मी सांगेन. पण माझ्यासारखं व्हायचं म्हणतेस, तर आधी हे वाच.

२०११ च्या मार्चात जंगलात वणवा लागला. त्या उतारावर माझे अभ्यासाचे गवताचे चौकोन होते, सहा वर्षांच्या नोंदींचे. पिराजी आमचा रोजंदारीवरचा वनमजूर. तो म्हणाला, "बाई, वारं फिरलंय. आता न्हाय जायाचं." मी म्हटलं, जा, चौकोनांभोवतीचं गवत काप. चौकोन वाचले. पिराजीला दुसऱ्या दिवशी कमरेच्या कोयत्यावरून ओळखला.

अहवालात मी लिहिलं, नको म्हटलं असता तो आपणहून गेला. त्यामुळे त्याच्या बायकोच्या, धोंडुबाईच्या, हाती भरपाई म्हणून काही पडलं नाही. मला बढती मिळाली. तुम्हांला शिकवतात ते त्याच चौकोनांवरचं.

जूनअखेर मी निवृत्त होते. सत्काराची तयारी चाललीय.

माया ठेवायची की नाही, तू ठरव.
तुझी आत्या, अरुणा

मुरगूड, १९ मे

ती. आत्यास, सा. न.

तुला न विचारता मी धोंडुबाईंच्या वाडीवर जाऊन आले. तू त्यांना आगीत पाठवलंस, एवढंच सांगितलं. त्या शेंगा फोडत ऐकत होत्या. म्हणाल्या, हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, वारं न बघता आगीत शिरणारा तो माणूस नव्हता. मग म्हणाल्या, "आमचं मालक नगं म्हनूनबी आगीत गेलं, असं गाव म्हणतंय. बाईस्नी सांग, हितं येऊन चार लोकांत खरं बोला."

मी रडले. त्या रडल्या नाहीत.

रागावलीस तरी पत्र लिही.
आदिती

कोल्हापूर, २ जून

चि. आदितीस, अ. आ.

लेखी जबाब कार्यालयात दिला. सत्कार रद्द झाला, चौकशी लागली. तात्या सगळं ऐकून एवढंच म्हणाला, पोरीला शिकायला जाऊ दे. शिफारसपत्र दुसऱ्या कुणाचं घे.

काल वाडीवर गेले. देवळापुढं माणसं जमली होती. धोंडुबाई मला बस म्हणाली नाही. उभ्यानंच सगळं सांगितलं. माणसं पांगल्यावर तिनं विचारलं, जाताना तो नेमकं काय म्हणाला होता. तेरा वर्षांत तिला ते कुणी सांगितलं नव्हतं. मी सांगितलं, "बाई, वारं फिरलंय. आता न्हाय जायाचं." ती आत गेली आणि दार लावून घेतलं.

सांभाळून राहा, बाळ.
अरुणा