यादीत माझं नाव राहू दे

अबुधाबी
जुलै १९९७

ती. बाबांना,

मुरलीधरचा वाकून नमस्कार. आम्ही तिघंही ठणठणीत आहोत. रिद्धीला मोठ्या शाळेत ॲडमिशन मिळाली, हेमा खूश आहे. आईचा गुडघा कसा आहे?

तुम्ही फोनवर नोटिशीचं सांगितल्यापासून माझा मलाच राग येतोय. आमच्या अमेरिकन मॅनेजरला त्यांच्या निवडणुकीत इथे पोस्टाने मतपत्रिका आली. म्हणून मीही हौसेने आपल्या तिकडच्या निवडणूक कचेरीला लिहून विचारलं, की मला असं मत देता येईल का? कुठून दुर्बुद्धी झाली! मत राहिलं बाजूला, मी परदेशी राहतो म्हणून मतदारयादीतून माझं नावच काढायला निघालेत.

सुनावणी सोमवारी आहे. टपालाचा भरवसा नाही, म्हणून उद्या सुट्टीवर गावी निघालेल्या, माझ्या ऑफिसातल्या पिंटोच्या हाती हे पत्र देतोय.

कचेरीत आवाज चढवू नका, बीपीची गोळी घेऊनच जा. रेशनकार्ड दाखवा, त्यावर माझं नाव आहे. यादीत तुमच्या नावाखाली माझं नाव राहायलाच हवं, बाबा. काल रिद्धीला कुणीतरी गाव विचारलं, तर पटकन म्हणाली, "आय ॲम फ्रॉम अबुधाबी."

मुलगा पुढच्या वर्षी कायमचा परत येतोय, असं तुम्ही लेखी देणार आहात ना? बाकी सगळं तसंच लिहा. फक्त 'पुढच्या वर्षी' एवढं लिहू नका.

आईला पत्र वाचून दाखवताना तेवढी ओळ गाळा.

तुमचा,
मुरली