जानेवारीतलं वादळ

उइटहॉर्न, नेदरलँड्स
रविवार, २२ सप्टेंबर २०१९

प्रिय अजित,

अक्षर ओळखशील असं धरून चालते. लग्नानंतर मी ठाण्याला राहायला गेले तेव्हा दर पंधरा दिवसांनी तुला माझं आंतर्देशीय यायचं आणि तू उत्तरात क्रिकेटचे स्कोअर लिहून पाठवायचास. पुढे फोन आले, मग व्हॉट्सअॅप आलं, आणि मग आपल्यात तेही राहिलं नाही. इथे सकाळपासून पाऊस पडतोय. शिरीष वर झोपलेत, त्यांचा गुडघा परत कुरकुरायला लागलाय. इथला फॅमिली डॉक्टर म्हणतो, पॅरासिटामॉल घ्या आणि सायकल चालवा. ताप असो की गुडघा, त्याचं औषध तेच. माझं घरातलं पाळणाघर चालू आहे. सध्या तीन मुलं येतात, तिघंही मला ‘सूची’ म्हणतात आणि वरण-भात मुकाट्यानं खातात.

तुझी संहिता आत्ताच बसनं गेली. डेल्फ्टला शिकायला निघताना तू तिला ‘अगदीच अडलं तरच आत्याकडे जा’ असं बजावलं होतंस, हे तिनं पहिल्याच महिन्यात मला हसत हसत सांगून टाकलं. तिचं दर रविवारी अडतं. पोळी-भाजी संपवून झाल्यावरच भाताकडे वळते, दोन्ही एका ताटात शेजारी आलेलं तिला चालत नाही. थेट तू. मागच्या रविवारी ती जे बोलली त्यानं मला आठवडाभर धड झोप नाही. पण ते सांगायच्या आधी मला सगळं ओळीनं सांगू दे. तू ते कधी ऐकून घेतलं नाहीस, आणि मीही कधी नीट सांगितलं नाही.

तेव्हा, २०१६ साली, माझ्याकडे बेआत्रिस नावाची एक पोर्तुगीज मुलगी असायची. तिचे आजी-आजोबा अटलांटिकच्या मधोमध, तेर्सेइरा नावाच्या बेटावर राहतात. तिची आई दरवर्षी म्हणायची, तुम्ही इतकं करता, एकदा आमच्या घरी जाऊन राहा. त्या जानेवारीत शिरीषना सुटी होती, तिकिटं स्वस्त होती. आईची डिसेंबरातली न्यूमोनियाची भानगड उरकून ती घरी आली होती, तुझ्याशी भांडून चहात साखर घालून घेत होती. निघायच्या आदल्या दिवशी मी तिला विचारलं, जाऊ का? ती म्हणाली, ‘जा की. तिथलं काय वेगळं दिसलं तर मला सांग.’ म्हणून गेलो. मी आईला आजारी टाकून फिरायला गेले असं तू सगळ्यांना सांगितलंस, त्यातलं ‘फिरायला गेले’ एवढंच खरं आहे.

बुधवारी तुझा फोन आला, आईला दम लागलाय, काल रात्री परत अॅडमिट केलंय, डॉक्टर काही बोलत नाहीत. मी त्याच तासात शुक्रवार सकाळचं लिस्बनचं आणि पुढे मुंबईचं तिकीट काढलं. त्याआधीचं विमान भरलेलं होतं. संध्याकाळी बेआत्रिसची आजी, दोना इल्दा, रेडिओ ऐकता ऐकता उठली आणि तिनं नवऱ्याला हाक मारली. दोघं अंगणातून फळ्या आणून खिडक्यांना ठोकायला लागले. शिरीषनी मोबाइलवर भाषांतर करून विचारलं तेव्हा कळलं, वादळ येतंय, आणि त्याला नावही दिलंय, अॅलेक्स. म्हातारी स्वतःच हात वर करून म्हणत होती, जानेवारीत? तिच्या ऐंशी वर्षांत तिनं असलं पाहिलं नव्हतं. गुरुवारी त्याचं हरिकेन झालं आणि विमान कंपनीचा निरोप आला की शुक्रवारची सगळी उड्डाणं रद्द.

मी तुला फोन केला. तू काय म्हणालास ते मला शब्दन् शब्द पाठ आहे. ‘ताई, मी बावीस वर्षं भूगोल शिकवतोय. अटलांटिकमधली वादळं जून ते नोव्हेंबर. यायचं नसेल तर नको येऊस, पण मला जानेवारीतलं हरिकेन सांगू नकोस.’ आणि फोन ठेवलास.

तू म्हणालास ते पुस्तकाप्रमाणे बरोबरच होतं. नंतर मी त्या वादळाबद्दल मिळेल ते वाचून काढलं, इतकं की शिरीष वैतागले. क्यूबाजवळ एक साधा हिवाळी कमी दाबाचा पट्टा तयार झाला होता. तसले शेकडो होतात, त्यांना कोणी नाव ठेवत नाही. ते बर्म्युडावरून वर सरकतात आणि शेवटी आमच्या इथे येऊन आठवडाभर पिरपिर पाऊस पाडतात. हा तसा आला नाही. पुढे सरकताना याचा वारा वाढत गेला आणि अर्ध्या समुद्रात आल्यावर हा उत्तरेला जायच्या ऐवजी खाली दक्षिणेकडे वळला. तिथलं पाणी काही फार गरम नव्हतं, पण वरची हवा इतकी थंड होती की तेवढी ऊब पुरली. त्याच्या पोटात गरम हवा साठली, ढग गोल फिरायला लागले, मधे डोळा पडला. जानेवारीत असं हरिकेन तयार झालं ते १९३८ नंतर पहिल्यांदाच. मग ते उत्तरेला वळलं आणि सरळ आमच्या बेटावर आलं.

आता जे लिहितेय ते तुला माहीत नाही. गुरुवारी तू औषधं आणायला खाली गेला होतास तेव्हा तुझ्या पूर्णिमानं मला फोन लावला आणि आईच्या कानाशी धरला. मी रडेन आणि आईचा जीव घाबरा होईल म्हणून तू तिला सक्त मना केलं होतंस, हे तिनं मला आधी सांगितलं आणि वर माझ्याकडून शब्द घेतला की तुला कधी कळू द्यायचं नाही. तो शब्द मी पाळला. गेल्या आठवड्यात मी तिला फोन करून विचारलं, आता सांगू का? ती म्हणाली, ‘सांगा ताई, मला नाही जमलं.’ तेव्हा तिच्यावर रागावू नकोस.

आईच्या तोंडावर मास्क होता, शब्द तुटक येत होते. मी दारात उभी होते आणि बाहेर वारा सुटायला लागला होता. तिनं पहिलं काय विचारलं असेल? ‘वारा आहे का गं तिकडे? आवाज येतोय.’ मी म्हटलं, हो, वादळ येतंय, विमान नाही, मी अडकलेय. ती म्हणाली, ‘मग असल्या वाऱ्यात निघू नकोस. इथे अजित आहे.’ मी म्हटलं, अजित चिडलाय माझ्यावर. तर म्हणाली, ‘चिडू दे. दोन रात्री बसून आहे तो. झोपेत माझा हात सुटला की दचकतो. त्याला तू काही बोलू नकोस.’ मग पूर्णिमा ‘आले, आले ते’ असं घाईनं म्हणाली आणि फोन बंद झाला.

शुक्रवारी दुपारी वादळ बेटावर आलं. खरं सांगू, ते फार मोठं निघालंच नाही. किनाऱ्याला लागता लागता त्याचा जोर ओसरला होता. दोना इल्दाची काही कौलं गेली, मागचं लिंबाचं झाड आडवं झालं, वीज गेली. आम्ही चौघं स्वयंपाकघरात बसलो होतो, ती जपमाळ ओढत होती. एकदम वारा पडला आणि सगळं शांत झालं. तेवढ्यात शिरीषचा फोन वाजला. पूर्णिमा होती. आमच्याकडे भरदुपार होती, तुमच्याकडे दिवेलागण झाली होती. त्या दिवशी संक्रांत होती रे. आईनं हलव्याचे दागिने करायची ऑर्डर घ्यायचं सोडलं त्याला दहा वर्षं झाली होती, तरी दर संक्रांतीला तिचा फोन यायचा, तिळगूळ घे, गोड बोल. दोना इल्दाला भाषा कळत नव्हती, पण तिनं माझं डोकं स्वतःच्या पोटाशी धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही. आईसाठी मी रडले ती एका परक्या बाईच्या अॅप्रनमध्ये.

मी मिरजेला पोचले तेव्हा अस्थी गोळा करून झाल्या होत्या. वादळही तोवर ग्रीनलंडच्या बाजूला दुसऱ्या एका मोठ्या कमी दाबात मिसळून गेलं होतं, जगात कुठे उरलं नव्हतं. तू दार उघडलंस, माझ्या बॅगेकडे बघितलंस आणि म्हणालास, ‘झाली का सुटी?’ मागे काका होते, शेजारच्या लीलावतीबाई होत्या. मी काहीच बोलले नाही. आईनंच सांगितलं होतं ना, त्याला काही बोलू नकोस. तेराव्यापर्यंत आपण दोघं एका घरात होतो आणि मीठ हवं असलं तरी पूर्णिमाला मधे घालत होतो.

परत आल्यावर मी काय केलं तर तुला पुरावे पाठवले. उपग्रहाचं छायाचित्र, पोर्तुगीज पेपरातली बातमी, विमान कंपनीचा ईमेल. एकदा, दोनदा, तीनदा. तू उत्तर दिलं नाहीस आणि मी मनात म्हणत राहिले, आता तरी कबूल कर. जसं काही आपलं भांडण वादळ होतं की नव्हतं एवढ्याचंच होतं. मी इकडे आले तेव्हा तू पस्तिशीचाही नव्हतास. बाबांचं आजारपण तू काढलंस, आईचे डोळे, आईचं पडणं, आईचा हट्टीपणा, सगळं तू. मी दोन वर्षांतून एकदा चॉकलेटं आणि स्वेटर घेऊन यायची आणि आई आठवडाभर माझंच कौतुक करायची. तू तेव्हा ताटं उचलत असायचास. शेवटी तिला स्ट्रेचरवर कुणी घेतलं, बरोबर कोण होतं, तू त्या रात्री घरी येऊन जेवलास का, यातलं मी तुला एक अक्षर विचारलं नाही. छायाचित्र मात्र तीनदा पाठवलं.

आता संहिता काय म्हणाली ते. मागच्या रविवारी जेवणं झाल्यावर ती लॅपटॉपवर अभ्यासातलं काही दाखवत होती. पाणी, पूर, पाऊस असं तिचं चालूच असतं. मधेच म्हणाली, ‘आत्या, तुझं वादळ बाबा अकरावीला शिकवतात, माहितीये?’ मला वाटलं थट्टा करतेय. तर म्हणाली, दर जानेवारीला तू फळ्यावर अटलांटिक काढतोस आणि त्याची सगळी वाट आखतोस. मुलांना सांगतोस की पुस्तकात जून ते नोव्हेंबर लिहिलंय, ते परीक्षेत लिहा, पण हे झालेलं आहे, माझी बहीण तिथे होती. इकडे यायच्या आधी ती त्याच कॉलेजात पदवीच्या शेवटच्या वर्षाला होती, तिनं तुझ्या अकरावीच्या वर्गात मागच्या बाकावर बसून ऐकलंय.

मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि उगीच भांडी घासत राहिले. तुला वाटेल मला आनंद झाला. मला राग आला, अजित. दरवर्षी वर्गभर पोरांना सांगितलंस आणि मला एक फोन नाही केलास. मग राग गेला, आणि उरलं ते फार वाईट होतं. इतकी वर्षं तुला ठाऊक होतं, मलाही बरंच काही ठाऊक होतं, आणि आपण दोघं दोन ठिकाणी आपापलं धरून बसलो. आईसाठी आपण एकत्र बसून एकदाही रडलो नाही. ती कशी हसायची, शेवटी शेवटी तिला काय खावंसं वाटायचं, हे मी कुणाला विचारणार? तुझ्याशिवाय कुणाला माहीत आहे?

नोव्हेंबरात डेल्फ्टला संहिताचा पदवीदान समारंभ आहे. तिला घरच्यांसाठी जागा मिळाल्यात. तू येणार नाहीस असं धरून तिनं तुला अजून विचारलेलंच नाही, आणि हे मला सांगताना ती खिडकीतून बाहेर बघत होती. पूर्णिमा म्हणाली, तुम्हा दोघांचेही पासपोर्ट पोरगी निघाली तेव्हाच काढून ठेवलेत, तूच फॉर्म भरलास. म्हणून परवा मी इथल्या गेमेन्तेत, म्हणजे नगरपालिकेच्या ऑफिसात गेले. पाहुण्यांना व्हिसासाठी लागतो तो कागद भरला आणि कारकून बाईसमोर सही केली. तिनं तुझं नाव दोनदा चुकवत वाचलं आणि विचारलं, हे तुमचे कोण? मी म्हटलं, भाऊ. किती दिवस राहणार, तिनं विचारलं. मला सांगता येईना. तिनं पेन खाली ठेवलं आणि वाट बघत बसली, मागे रांग होती तरी. मग मी कायदा जेवढे देतो तेवढे सगळे लिहिले. तो कागद सोबत जोडलाय. तो मूळच लागतो, फोटो चालत नाही, म्हणून हे पोस्टानं. आलास तर विमानतळावर मी असेन. नाही आलास तरी मुंबईचं विमान उतरतं त्या वेळेला मी तिथे जाऊन उभी राहीन, मग संहिताला घेऊन समारंभाला जाईन. तू तिथे मला काही म्हणायची गरज नाही. नुसता ये.

तुझीच,
ताई